पट्टा पडेपर्यंतची शाळा : भीमाकाठच्या एका टोळीतल्या अकरा मुलांचं प्रकरण

उजनीचं पाणी आलं तसा भीमेच्या दोन्ही काठांनी ऊस पसरला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. दिवाळी सरली की बीड, धाराशिव, जालना, परभणीकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात, काही कर्नाटकातल्या कलबुर्गी-विजयपुराकडूनही येतात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचं गाळप थांबेपर्यंत, राहतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. त्यामुळे आई गावी थांबू शकत नाही, आणि आई निघाली की मुलं निघतात.

पुढचं प्रकरण कुठल्याही एका शाळेची हकिकत नाही. पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यात हंगामात वारंवार जे घडतं ते एका टोळीवर आणि एका शाळेवर बसवून मांडलं आहे. मुलांचे आकडे आणि तारखा या मांडणीतल्या आहेत. कायदा, पोर्टलची रीत आणि पोषण आहाराची मापं मात्र प्रत्यक्षातलीच आहेत.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षकी, पट ४३. दीड किलोमीटरवर कारखान्याच्या कडेला टायरगाड्यांचं सेंटर आणि तिथे कोप्यांचा, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांचा, तळ. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टोळी उतरली.

आधी टोळीचा प्रकार पाहा

शाळेत कुणाला कसं घ्यायचं हे ठरवण्याआधी टोळी कुठल्या सेंटरची, म्हणजे ऊस कशाने वाहणारी, आहे ते विचारावं. बैलगाडी किंवा टायरगाडीची टोळी कारखान्याजवळ तळ ठोकते आणि बहुतेक सगळा हंगाम तिथेच काढते. डोकी सेंटरची टोळी डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरते आणि तोड सरकेल तशी गावोगाव फिरते. तिचा मुक्काम कधी दोन आठवड्यांचा, कधी महिन्याचा. पहिल्या प्रकारात चार महिन्यांचं नियोजन करता येतं. दुसऱ्या प्रकारात तसं नियोजन कागदावरच राहतं. तिथे मुलाच्या दप्तरात एक वही ठेवायची, प्रत्येक शाळेने तीत आठवड्याला चार ओळी लिहायच्या आणि पुढच्या गावच्या शिक्षकाला फोन करायचा, एवढंच खरोखर होतं. आपली टोळी गाडी सेंटरची होती.

हे कोण सांगतं? मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, सांगतो, पण त्याच्याहून पक्कं चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस, सांगतो. कुठल्या गटात कुणाची तोड, किती गाड्या, पुढचा फड (तोडीचं शेत) कुठला, सगळं त्याच्याकडे असतं. केंद्रप्रमुखांनी कारखान्याच्या शेतकी विभागाला पत्र देण्याआधी चिटबॉयचा नंबर मिळवला तर आठवडा वाचतो.

आठ, की चौदा

मुकादम म्हणाला, "आठच हायेत गुरुजी." शिक्षकांनी आठ नावं लिहून घेतली. चार दिवसांनी भर दुपारी तळावर चक्कर मारली तेव्हा सहा ते चौदा वयाची चौदा मुलं निघाली.

मुकादम खोटं बोलला असं नाही. त्याने फक्त ‘शाळेची’ पोरं मोजली. भाऊ सांभाळणारी नऊ वर्षांची मुलगी, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला जाणारा बारा वर्षांचा मुलगा हे त्याच्या हिशेबात मोठे झालेले. म्हणून मोजणी दोनदा करावी लागते. दुपारी बाराला डोकी मोजायची, कारण तेव्हा मोठी माणसं फडात आणि मुलं कोपीत असतात. संध्याकाळी साडेसात-आठला पालकांशी बोलायचं, कारण तेव्हाच आईबाप चुलीपाशी भेटतात. केवळ दुपारी गेलं तर मुलं दिसतात पण माहिती मिळत नाही, आणि केवळ रात्री गेलं तर माहिती मिळते ती फक्त ज्यांना शाळेत घालायचं आधीच ठरलंय त्यांची.

संध्याकाळच्या भेटीत इतकं लिहून घेतलं : मुलाचं नाव, वय, मागची इयत्ता, गावची शाळा, तिथल्या गुरुजींचा फोन, घरात बोलली जाणारी भाषा, घरात लहान भावंडं किती, मुकादमाचा नंबर आणि गावी परतण्याचा अंदाज. आधार नंबर असेल तर घेतला, नसेल तर रकाना मोकळा. मुकादमाचा नंबर आणि परतण्याचा अंदाज हे दोन रकाने बहुतेक नमुन्यांत नसतात. मार्चमध्ये तेच कामी येतात.

चौदापैकी तीन मुलं पाचवी ते सातवीची, ती अडीच किलोमीटरवरच्या उच्च प्राथमिक शाळेकडे गेली. उरलेल्या अकरांतली आठ मराठवाड्यातल्या शाळांत नाव असलेली, दोन कलबुर्गी जिल्ह्यातल्या कन्नड शाळेतली, आणि एक मुलगी कुठल्याच पटावर नव्हती. भाषेच्या बाजूने पाहिलं तर सहाजण घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारे, दोन कन्नड आणि तीन मराठी.

दाखल्यात गेलेले नऊ दिवस

मुख्याध्यापकांनी आधी जुन्या शाळेचे दाखले मागितले. हेतू वाईट नव्हता; दाखल्याशिवाय नाव चढवलं तर तपासणीत विचारतील ही भीती. त्यात नऊ दिवस गेले आणि चार मुलं पुन्हा वाढ्यांकडे वळली.

शिक्षण हक्क कायदा २००९ इथे अगदी स्पष्ट आहे. कलम ५ म्हणतं की दाखला यायला उशीर हे प्रवेश लांबवण्याचं किंवा नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आणि कलम ९ स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी थेट स्थानिक प्राधिकरणावर टाकतं. म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांना परवानगी मागायची नसते, कळवायचं असतं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. आठ मुलांची नावं सरल, म्हणजे राज्याच्या विद्यार्थी नोंदणीच्या, पोर्टलवरून इकडे ओढून घ्यायची का? रीत अशी : नवी शाळा ट्रान्सफरची विनंती पाठवते, जुन्या शाळेने मान्यता दिली की नाव सरकतं. शिक्षकांची पदं संचमान्यतेत ठरतात आणि तिचा आधार ३० सप्टेंबरचा पट. टोळ्या दिवाळीनंतर निघतात, तेव्हा ती तारीख उलटलेली असते; तरीही गावची शाळा नाव सोडायला नाखूश असते, कारण मूल एप्रिलपर्यंत परत आलं नाही तर पुढच्या वर्षीचा पट घसरतो. कागद सोडून दिला तरी मुलाच्या बाजूने हिशेब सरळ आहे. पाच महिन्यांत दोन ट्रान्सफर म्हणजे दोन वेळा नाव अधांतरी राहण्याचा धोका. एक विनंती मान्य व्हायची राहिली की मूल दोन्ही पटांतून निसटतं आणि ऑनलाइन ‘शाळाबाह्य’ होतं.

आमचं मत स्पष्ट आहे : ज्या मुलाची गावची शाळा पक्की आणि परतणं पक्कं, त्याचं नाव हलवू नये. गावच्या शाळेने द्यायचं शिक्षण हमी कार्ड याचसाठी आहे. ते दाखवून मूल दुसऱ्या गावी शाळेत बसतं. आठपैकी दोघांकडेच कार्ड होतं. बाकी सहांच्या शाळांना फोन केला, तिकडून कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला आणि काम झालं. इथे वेगळी हजेरी ठेवली, महिनाअखेरीस तिचा फोटो गावच्या गुरुजींना पाठवला. त्यामुळे तिकडच्या हजेरीत सलग गैरहजेरी न दिसता ‘स्थलांतरित, अमुक शाळेत उपस्थित’ अशी नोंद राहिली.

कर्नाटकातल्या दोघांसाठी सरलचा उपयोग नाही, ते महाराष्ट्रापुरतं. देशभर चालतो तो यू-डायस या केंद्राच्या शाळा-माहिती पोर्टलवरचा अकरा अंकी पेन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा, क्रमांक. तो त्यांच्या गावच्या शाळेकडून फोनवर घेतला आणि हजेरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. नाव त्यांचंही हलवलं नाही.

पटावर नसलेल्या मुलीचा मामला वेगळा. तिला इथेच नव्याने दाखल करावं लागलं.

नऊ वर्षांची, पहिलीत नव्हे

तिला अक्षरओळख नाही म्हणून पहिलीत बसवायचं ठरत होतं. कायद्याचं कलम ४ वयानुरूप वर्ग सांगतं. नऊ वर्षांची मुलगी चौथीत, आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण, किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. हा नियम शिक्षकांना बरेचदा हास्यास्पद वाटतो : अक्षर येत नाही तिला चौथीत काय कळणार? पण पहिलीत सहा वर्षांच्या मुलांत बसवलेली नऊ वर्षांची मुलगी आठवड्यात पळते, कारण तिला स्वतःचीच लाज वाटते. चौथीत ती परिसर, गाणी, चित्रं, खेळ, तोंडी गणित सगळ्यांबरोबर करते आणि वाचनाच्या तासाला तिच्या पातळीच्या गटात जाते. दोन शिक्षकी शाळेत नाहीतरी चार इयत्ता दोन खोल्यांत असतात, त्यामुळे गट बदलणं फार अवघड नसतं.

खरी अडचण तिच्या कडेवर होती. दीड वर्षाचा भाऊ. आई म्हणाली, "ती शाळेत गेली तर ह्याला कोण बघंल, बाई?" अंगणवाडीत ठेवा असं सगळेच सुचवतात. पण अंगणवाडीत बसायचं वय तीन ते सहा; तीन वर्षांखालच्या मुलाला फक्त घरी न्यायचा आहार मिळतो. त्या वाटेने प्रश्न सुटत नाही. दोन उपाय होते. तळावर एका जोडीबरोबर आलेली म्हातारी स्वयंपाकासाठी मागे राहत होती. तिच्याकडे दहा ते चार दोन लहानगी ठेवायची आणि तिला दोन घरांनी मिळून काही द्यायचं, हे मुकादमाच्या मध्यस्थीने ठरलं. ती ज्या दिवशी नसेल त्या दिवशी भाऊ वर्गात. शिकवताना त्रास होतो, तपासणीला कुणी आलं तर भुवया उंचावतात. तरी बहिणीचा दिवस वाया जाण्यापेक्षा तो वर्गातल्या सतरंजीवर झोपलेला बरा. घरी न्यायच्या आहारासाठी त्याचं नाव अंगणवाडीत नोंदवलं, तेवढा तिचा उपयोग झाला.

दहाला कुणी उठवायचं

पहिल्या आठवड्यात अकराही आली. तिसऱ्या आठवड्यात पाच. शिक्षकांचा पहिला अंदाज होता की पालकांना शाळेचं महत्त्व नाही. तळावर सकाळी नऊला जाऊन पाहिल्यावर कारण दिसलं : आईबाप पहाटे चारला फडात गेलेले, मुलं रात्रीची शिळी भाकरी खाऊन चुलीच्या राखेशी बसलेली, आणि मोठ्या माणसाचा पत्ता नाही. शाळा दहाला भरते हे मुलांना माहीत होतं. दहा कधी वाजतात हे सांगणारं कुणी नव्हतं.

शिवाय रस्ता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर दिवसभर त्याच अरुंद रस्त्याने कारखान्याकडे जातात. सहा-सात वर्षांच्या मुलांना एकटं पाठवणं ही बेपर्वाई आहे. शाळा एक किलोमीटरच्या आत नसेल तर वाहतुकीची सोय मागता येते. प्रस्ताव जरूर द्यावा, पण हंगाम संपायच्या आत पैसे येतील या भरवशावर राहू नये.

चाललं ते असं. साडेनऊला तळावर एक शिट्टी. पहिले दोन आठवडे बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळाबाह्य मुलांकडे पाहायला, नेमलेले शिक्षक स्वतः गेले, मग गावातल्या एका आजोबांनी ते काम अंगावर घेतलं. मुलं रस्ता सोडून उसाच्या बांधाने रांगेत यायची, सर्वांत मोठा मुलगा पुढे आणि आजोबा मागे. डिसेंबर मध्यापर्यंत रोजची हजेरी आठ-नऊवर टिकली. आठवडे बाजाराच्या दिवशी ती हमखास पाचावर येते. बाजाराच्या दिवशी नवा पाठ घेऊ नये; त्यावर भांडत बसण्यात अर्थ नाही.

दुसरं, पोट. पहाटेपासून उपाशी मूल दुपारच्या खिचडीपर्यंत तग धरत नाही, साडेअकराला कोमेजतं. आठवड्यातून एकदा मिळणारा पूरक आहार, केळं किंवा बिस्किटं, शाळेने सकाळच्या परिपाठानंतर द्यायला सुरुवात केली. इतर दिवशी गावातल्या काही घरांतून शेंगदाणे-गूळ यायचा. तो अधूनमधूनच.

तांदळाचा हिशेब मात्र आधीच करायला हवा होता. प्राथमिकला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे अकरा मुलांना रोज १.१ किलो आणि २३ दिवसांच्या महिन्याला २५.३ किलो. पन्नास किलोचं अर्धं पोतं. पुरवठा पटावर येतो आणि यातली दहा मुलं पटावर नाहीत. पहिल्या महिन्यात मूळच्या ४३ मुलांच्या साठ्यातून भागवलं, नोंदवहीत आकडा जुळेना, आणि स्वयंपाकीणबाईंनी नव्या मुलांना वाटी अर्धी भरायला सुरुवात केली. मुलं हे लगेच ओळखतात. उपाय साधा होता : पहिल्याच दिवशी पंचायत समितीच्या पोषण आहार विभागाला स्थलांतरित मुलांची यादी देऊन वाढीव मागणी नोंदवायची आणि त्या मुलांच्या जेवणाची वेगळी नोंद ठेवायची. इथे ते महिना उशिरा झालं.

पंचवीस की बावन्न

गोरमाटी बोलणारी सहा मुलं मराठी समजत होती, गावच्या शाळेत मराठीच माध्यम. अडायची ती बोलायला. आई म्हणजे याडी, भाकरी म्हणजे बाटी. हे शब्द वर्गात उच्चारले की बाकीची मुलं फिस्स करून हसायची. शिक्षकांनी फळ्यावर तीन रकाने केले, मराठी, गोरमाटी, कन्नड, आणि रोज पाच शब्द भरायचे ठरवलं. शब्द सांगायचे नव्या मुलांनी, लिहून घ्यायचे जुन्यांनी. तीन आठवड्यांत हसणं थांबलं. यात कुठलंही मोठं तंत्र नाही. ज्याला येतं तो सांगतो, एवढंच.

कन्नड मुलांचं कोडं गणितात सापडलं. दुसरीतला मुलगा बेरीज अचूक करायचा, पण तोंडी सांगितलेली संख्या उलटी लिहायचा. ‘पंचवीस’ म्हटलं की ५२. त्याला संख्याज्ञान नाही असा शेरा पडणारच होता. कारण भाषेत आहे. मराठीत पंचवीस म्हणजे आधी पाच, मग वीस. कन्नडमध्ये इप्पत्तैदु, आधी वीस, मग पाच. तो ऐकेल त्या क्रमाने लिहीत होता, म्हणजे नीट ऐकत होता. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यानामं आली तेव्हा राज्यभर खडाजंगी झाली होती. त्या वादात कुणाची बाजू घ्यायची ते घ्या, पण या मुलाला ‘वीस पाच’ म्हटल्याबरोबर २५ लिहिता आलं. महिनाभर दोन्ही नावं जोडीने वापरली.

या दोघांना मराठी वाचायला शिकवायचं का? शिक्षकांचा उत्साह तसा होता. आमच्या मते ती चूक ठरली असती. मार्चनंतर ती कन्नड शाळेतच जाणार. चार महिन्यांत देवनागरी अर्धीमुर्धी येणार आणि कन्नड वाचनाला गंज चढणार. बालभारती कन्नड माध्यमाचीही पुस्तकं काढते आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापुरात कन्नड शाळा आहेत. तिथल्या एका शाळेकडून दुसरी-तिसरीची जुनी पुस्तकं मिळाली. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या गावांत कन्नड घरोघरी आहे, शाळेतल्या एका मुलाची आजी तिकडची. ती आठवड्यातून दोनदा तासभर वाचून घ्यायची. मराठी फक्त बोलण्यापुरती, ती मैदानावर आपोआप आली. दोन्ही लिप्यांत वर्णमालेचा क्रम जवळजवळ एकच असल्याने भिंतीवर शेजारीशेजारी दोन तक्ते लावले, ते मराठी मुलांनीच जास्त वाचले.

पातळी तपासणी पहिल्या दहा दिवसांत झाली : अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, आणि गणितात संख्यावाचन ते हातच्याची वजाबाकी. यातला धडा एकच. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तपासू नये. अनोळखी वर्गात मूल बोलत नाही आणि शब्द वाचणारं मूल अक्षरावर बसवलं जातं. इथे दोघांची पातळी पुन्हा घेतल्यावर एक पायरी वर निघाली.

रात्रीत रिकामा झालेला तळ

परतण्याची तारीख कुणी शाळेला कळवत नाही. कारखान्याचा पट्टा पडला की हिशेब होतो आणि टोळी त्याच रात्री ट्रॅक्टरवर बसते. ऊस कमी असेल तर हंगाम फेब्रुवारीतच आखडतो. म्हणून शाळेने १५ फेब्रुवारीलाच प्रत्येक मुलाचं एक पान तयार करून ठेवलं : उपस्थितीचे दिवस, आल्यावेळची आणि आत्ताची वाचन-गणिताची पातळी, शिकवलेले पाठ, राहिलेले पाठ, शाळेचा फोन. एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुलाकडे, एक फोटो गावच्या गुरुजींना. कन्नड मुलांचं पान इंग्रजीत, पेन क्रमांकासह.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चिटबॉयने सांगितलं, चार-पाच दिवस उरले. तिसऱ्याच दिवशी सकाळी तळावर विझलेल्या चुली आणि बांबू होते. अकरापैकी नऊ पानं आधीच पोहोचली होती. दोन राहिली, ती फोनवरच गेली.

उच्च प्राथमिककडे गेलेल्या पाचवीच्या मुलाचं मात्र कुणी पाहिलं नाही. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुरवणी परीक्षा, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. टोळी मार्चमध्ये परतली म्हणून तो गावी परीक्षेला बसू शकला. हंगाम एप्रिलपर्यंत लांबला असता तर परीक्षा कुठल्या शाळेत द्यायची हे दोन मुख्याध्यापकांनी जानेवारीतच लेखी ठरवायला हवं होतं. ते झालं नव्हतं.

दहा मुलांची नावं गावच्या पटावरच होती, त्यामुळे त्यांच्यासाठी पोर्टलवर काही करावं लागलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीचं नाव मात्र इथल्या पटावर. पान हातात असूनही तिच्या गावच्या शाळेने ट्रान्सफरची विनंती पाठवायला बारा दिवस लावले. इथून तीन फोन झाले. विनंती आली त्याच दुपारी मान्य केली. ऑक्टोबरमध्ये तिचं शिक्षण हमी कार्ड काढायचं आहे हे तिच्या पानावर लाल पेनने लिहिलं होतं. गावच्या गुरुजींनी त्या पानाचा फोटो हजेरीपत्रकाच्या आत चिकटवून ठेवला आहे.